माणूस नसलेल्या लॉजात नवमीचं पान

अष्टमी, चिखली

आमच्या गावात कुणी चाकणचं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांपुढं नोकरी असते. मला या वयात नोकरी नको होती. मला तिथं एक सवाष्ण जेवू घालायची होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याला मागं ठेवून जी बाई जाते, तिची तिथी पितृपक्षातली नवमी. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण बसवायची, पोटभर जेवू घालायची, ओटी भरून लुगडं द्यायचं. सगळं दुपारच्या आत. माझी बायको हिरा दीड वर्षापूर्वी गेली. आमच्याकडं लेकीलाच पानावर बसवायची पद्धत आहे. गेल्या वर्षी आमची सुनीता गावाला येऊन बसली होती. यंदा तिला रजा मिळाली नाही, म्हणून मीच निघालो. पिशवीत हिराचं एक लुगडं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कुठल्या तरी लग्नाला नेसायचं म्हणून ठेवलेलं, आणि नेसायचं राहिलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडासमोर माझा सहा खोल्यांचा लॉज होता, खाली खाणावळ. काउंटरवर मी, चुलीवर ही. चव्वेचाळीस वर्षं चालवला. ही गेल्यावर आधी खाणावळ बंद झाली, मग लॉज. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढं जे हॉटेल येणार आहे, त्याला मी नावं ठेवली तर ती माहितगारानं ठेवलेली आहेत.

चाकणच्या अलीकडं चिखलीला सुनीताच्या सोसायटीपाशी उतरलो तर ती खालीच उभी. केस मोकळे. लांबूनच म्हणाली, "नाना, वर येऊ नका. ह्यांचे चुलते गेले पहाटे. सुतक आलंय."

"आजच गेले?"

"आता मरणारा काय आपल्याला विचारून जातो का, नाना?"

सुतकाच्या घरात पितरांचं पान होत नाही आणि सुतकातली बाई सवाष्ण म्हणून बसत नाही. आम्ही दोघं बापलेक पार्किंगमध्ये दहा पावलं अंतर ठेवून उभे. मध्ये कुणाची तरी स्कूटर.

"पुढल्या वर्षी करू," सुनीता म्हणाली.

"वर्षातनं एकदा तुझ्या आईचं पान वाढायचं. तेपण पुढं ढकलू?"

ती रडायला लागली. मला जवळ जाता येईना. जावई मयतीला निघाले होते. चपला घालता घालता त्यांनी माझ्या आधार कार्डाचा लांबूनच फोटो काढला आणि फोनवर हॉटेल बुक केलं. "आमच्या कंपनीचे पाहुणे तिथंच उतरतात, नाना. एकदम कडक. कुणाला काही विचारायचं नाही, सगळं मशिनवर."

"आणि मशीन बिघडलं तर?"

"बिघडत नाही," असं म्हणून ते गेले.

अष्टमी, चाकणचा रस्ता

चिखलीहून कुरुळीकडं जाणारा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंती. शेत दिसतं ते भिंतींच्या फटीतनं, तेपण गवत माजलेलं, कारण विकलेलं आहे. कंटेनर एकामागे एक उभे, त्यांच्या सावलीत ड्रायव्हर भाकरी खातात. कंपन्यांच्या गेटावर फुलझाडं आहेत आणि गेटाबाहेर चिखल. बाहेरचं कुणाचंच नाही.

हॉटेल सहा मजली, काचेचं. दार आपोआप उघडलं. आत काउंटर नाही. मी आधी तेच शोधलं. लॉज म्हटलं की काउंटर आणि काउंटरमागं माणूस. इथं कमरेएवढा एक खांब, त्यावर काच. काचेवर मराठीत आलं, आपलं स्वागत आहे. मग आलं, चेहरा दाखवा. दाखवला. मग आलं, टोपी काढा. हिला अग्नी दिला तेव्हा सोडून मी चारचौघांत टोपी काढलेली नाही. आजूबाजूला बघितलं. चारचौघं सोडा, एकही नव्हता. काढली.

मशीन म्हणालं, चेहरा आधार कार्डाशी जुळत नाही.

आता पितृपक्षात आम्ही दाढी करत नाही. आठ दिवसांची दाढी वाढलेली. कार्डावर मी गुळगुळीत. माझ्या लॉजवर असा माणूस आला असता तर मी बघताक्षणी ओळखलं असतं, हा पक्ष पाळतोय, याला कांदा-लसूण चालणार नाही. या मशिनला एवढंच कळलं की मी मी नाही. चार वेळा चेहरा दाखवला, चार वेळा नाही म्हणालं.

मागनं एक मुलगी आली. पाठीला सॅक, पायात कंपनीतले जाड बूट. "काका, चेहरा राहू द्या. खाली बघा, मोबाइलवर नंबर पाठवा म्हणून आहे. ते दाबा." दाबलं. फोनवर नंबर आला, तो तिनं घातला, आणि खांबानं पोटातनं एक कार्ड बाहेर ढकललं. हीच किल्ली म्हणे.

तिचं नाव प्राची. नागपूरची. कंपन्यांमध्ये नवी मशिनं बसवून द्यायचं तिचं काम. उद्याचं मशीन अजून ट्रकातच होतं, म्हणून तिला दुपारपर्यंत सुट्टी. तिथंच सोफ्यावर बसलो. मी म्हणालो, "माणूस ठेवायला काय झालं होतं यांना?"

"मला तर हेच आवडते, काका."

"काय आवडण्यासारखं आहे?"

"हे काही विचारत नाही. मी महिन्यातले वीस दिवस बाहेर असते. काउंटरवरचा माणूस आधी मला बघतो, मग माझ्या मागं बघतो, कोणी आहे का म्हणून. मग म्हणतो, एकट्याच? कशासाठी आल्या? घरी माहीत आहे ना? एका गावात तर सरळ नाही म्हणाले. एकट्या बाईला खोली देत नाही म्हणे. मी रात्र स्टँडवर काढली."

 तो काउंटरवरचा माणूस मी होतो. तिच्याच वेळचा नव्हे, पण मीच. बदलीवर आलेली एक नर्सबाई एकदा संध्याकाळी पेटी घेऊन माझ्यापुढं उभी होती. मी रजिस्टर मिटलं. हिरानं आतनं ऐकलं. बाहेर आली, माझ्याकडं न बघता त्या बाईची पेटी उचलली आणि तिला स्वयंपाकघरात स्वतःशेजारी झोपवलं. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी मनात म्हणालो होतो, बरं झालं, कटकट गेली.

हे प्राचीला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही.

ती म्हणाली, "तुमच्या बायको असतील तर मी येईन तुमच्या लॉजवर. तुम्ही असाल तर मशीनच बरं."

"लॉज पण नाही आता, आणि ती पण नाही," मी म्हणालो. मग उद्याच्या नवमीचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "सॉरी, काका." आणि उठून गेली नाही. बसून राहिली.

खोलीत पडदा बटणावर, दिवा बटणावर. टेबलावर विजेची किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाची पावडर. आपला आपण करून घ्यायचा. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि मला चहा करता येत नाही. ही गेल्यापासून टपरीवर पितो. पुड्या किटलीतच टाकल्या, पावडर पण टाकली. ते उतू जाऊन टेबलावर आलं आणि किटली बंद पडली. काय प्यालो ते सांगत नाही.

भिंतीवर एक बटण होतं, सेवेसाठी दाबा. मी दोनदा दाबलं. सवयीनं.

माझ्या काउंटरखाली असंच बटण होतं, त्याची घंटी स्वयंपाकघरात वाजायची. एकदा दाबलं की चहा, दोनदा दाबलं की जेवण. मी चव्वेचाळीस वर्षं दाबलं आणि चव्वेचाळीस वर्षं ही आली. त्या दिवशी दोनदा दाबलं, आली नाही. पुन्हा दोनदा दाबलं. मग बोट काढलंच नाही, रागानं. गिऱ्हाईक हसायला लागलं. शिव्या देत आत गेलो तेव्हा ही चुलीपाशी पडलेली होती आणि वर घंटी अजून थरथरत होती.

हॉटेलातल्या बटणाजवळच्या काचेवर आलं, आपली विनंती नोंदवली आहे. कुणी आलं नाही.

नवमी, सकाळ

न्याहारीला खालच्या मजल्यावर. आपली थाळी आपण घ्यायची, आपण वाढायचं, खाल्ल्यावर आपणच खिडकीत सरकवायची. खिडकीपलीकडनं एक हात येतो आणि थाळी ओढून घेतो. हाताला चेहरा नाही. मला उपास होता, मी नुसता बसलो. समोर एक कोल्हापूरकडचा माणूस, सुट्या भागांचा विक्रेता, पोह्यात मीठ नाही म्हणून चिडलेला. काचेवर तक्रार दाबली तर काचेनं पाचांपैकी किती तारे देता म्हणून विचारलं.

"शिवी द्यायला तरी माणूस पाहिजे राव," तो म्हणाला. "आता या काचंला काय आईबहीण हाय?"

वर येऊन आंघोळ केली. धोतर नेसलं, उघड्या अंगानं सूर्याला पाणी द्यायला बोळातल्या खिडकीशी गेलो. मागं दार खट्टकन बंद झालं. कार्ड आत, फोन आत, टोपी आत. साडेनऊ वाजलेले. पुढं सवाष्ण शोधायची होती आणि मी ओला, उघडा, हातात तांब्या.

टोकाचं एक लहान दार उघडलं आणि एक बाई फडकं-बादली घेऊन आली. राखाडी सदरा, केस जाळीत बांधलेले. कालपासून त्या हॉटेलात काम करणारं मला दिसलेलं पहिलं माणूस.

"काका, असं उघडं फिरू नका, क्यामेरा हाय."

"फिरतोय कुठं बाई, अडकलोय. दार उघड."

"आम्हाला उघडायची परवानगी नाही. थांबा, फोन लावते." तिनं भिंतीवरचा नंबर लावला. पलीकडनं कुणीतरी हिंदीत माझी जन्मतारीख विचारली. माझी जन्मतारीख मास्तरांनी मनानं टाकलेली आहे, ती मला पाठ नाही. पलीकडचा म्हणाला, मग दार उघडता येणार नाही.

बाईनं माझ्याकडं बघितलं. एसीच्या थंडीनं माझे दात वाजत होते. तिनं फोन ठेवला आणि स्वतःचं कार्ड दाराला लावलं. "नोंद होते हो ह्याची. कोणतं दार, किती वाजता. विचारतील मला."

दार उघडताना तिच्या कपाळावर बारीक कुंकू दिसलं. मी सरळ विचारलं, "नवरा आहे का तुला?"

ती दोन पावलं मागं सरली. फडक्याची काठी दोघांच्या मध्ये आणली. "काका, लेकीच्या वयाची हाव मी तुमच्या."

"म्हणून तर विचारतोय."

"लेकीला असं विचारायलेत का कुठं?"

मी आत जाऊन सदरा घातला, टोपी घातली आणि उंबऱ्यात उभा राहून नवमीचं सांगितलं. ती वंदना. हिंगोलीकडची. नवरा कंपनीत कंत्राटावर, दोघं कुरुळीत एका खोलीत राहतात. आडनाव विचारायची माझी जुनी सवय. रजिस्टरात नावाआधी मी तेच लिहायचो आणि त्यावरनं खोली द्यायचो. तोंडापर्यंत आलं. गिळलं.

"मेलेल्या बाईच्या नावाचं जेवण," ती म्हणाली. "आमच्याकडं बाया भितात बसायला. म्हणतात, आपण पण नवऱ्याच्या आधी जातो."

"तशी गेलेली चांगली म्हणतात."

"म्हणणारे गडीच असतात. मी आधी गेले तर लेकरांचं कोण करंल? तुमची कशी गेली?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना अटॅक आला एवढंच ठाऊक. मी म्हणालो, "चुलीपाशी पडली. मी बाहेर जेवण मागत घंटी दाबत होतो. उशिरा आत गेलो."

तिनं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, "बसते मी. पण दीडच्या आत मला तीन मजले करायचेत. आणि पाहुण्याच्या खोलीत बसले तर नोकरी जाईल."

नवमी, कुरुळी

हॉटेलातलं अन्न पितरांना चालत नाही, आणि ते शिजवतं कोण हेही ठाऊक नाही. रिक्षा करून कुरुळीला गेलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याची खाणावळ, शिफ्टवरनं सुटलेली माणसं रांगेत उभी, आणि रांगेच्या शेवटी हातात पळी घेतलेली एक बाई. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून वाढत होती. एकाला म्हणाली, "काल का आला नाहीस? ताप होता का?" मला तिथंच बसून राहावं वाटलं.

नवमीचं म्हटल्यावर तिनं जास्त विचारलं नाही. "सवाष्ण मिळाली का? मी असते तर बसले असते, पण मी पण तुमच्यासारखीच." तिनं कांदा-लसणाआधी काढून ठेवलेली भाजी दिली, कढी, उडदाचे वडे, तांदळाची खीर. पत्रावळी संपल्या होत्या. तिनं स्वतःचं स्टीलचं ताट दिलं. "परत आणून द्या. माझ्या लग्नातलं आहे."

हॉटेलावर आलो तेव्हा प्राची खांबापाशीच होती. हळद-कुंकवाचं काय करायचं ही माझी अडचण, कारण ते विधुरानं लावायचं नसतं, बाईच्याच हातनं व्हावं लागतं. ती म्हणाली, "मी लावते की. माझं लग्न नाही झालं, चालते ना?" चालतं. मग तिला एक कल्पना सुचली. "वंदनाताईंना जेवणापुरतं तुमची पाहुणी म्हणून नोंदवू. मग त्या खोलीत बसू शकतात, कोणी काही म्हणू शकत नाही."

वंदना जाळी काढून, केस नीट करून खांबापुढं उभी राहिली. मशिननं तिचा चेहरा एका क्षणात ओळखला. काचेवर आलं, ही व्यक्ती कर्मचारी म्हणून नोंदलेली आहे. पाहुणे म्हणून प्रवेश नाही.

मी चार वेळा चेहरा दाखवला तरी मला ओळखलं नव्हतं.

वंदना हसली. "बगा, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला चेहऱ्यानं ओळखलं इथं."

प्राची हसली नाही. खांबाकडं बघत राहिली. "असं काय ते," एवढंच म्हणाली.

साडेअकरा होऊन गेले होते. शेवटी वंदनानंच जागा दाखवली. मागच्या जिन्याखाली, जिथं धुवायच्या चादरींची गाठोडी पडतात. तिथं कॅमेरा नाही. प्राचीनं फरशी पुसली. एक धुतलेली चादर घडी करून आसन केलं. बाहेरच्या भिंतीवर कावळ्यासाठी घास ठेवला. प्राचीनं हळद-कुंकू लावलं, हिराच्या लुगड्यानं ओटी भरली. लुगडं हातात घेतल्यावर वंदना म्हणाली, "कोरं हाय की हो."

"हो. तिला नेसायला सवड झाली नाही."

मग मी वाढायला बसलो. आयुष्यभर काउंटरवर बसलेला माणूस, मला अंदाज नाही. भात ताटाबाहेर गेला, कढी खिरीत गेली. वंदनानं तसंच कालवलं. उपाशी होती. सकाळच्या चहालाही तिला कुणी विचारलं नव्हतं. मान खाली घालून जेवली. मग ताटाकडं बघतच म्हणाली, "खीर आहे का अजून?"

मी वाढली. वाढताना मला कळलं की हिराला खीर आवडायची का नाही हे मला माहीत नाही. ती सगळ्यांच्या मागनं, स्वयंपाकघरात, पातेल्यातलं पुसून खायची. मी तिला जेवताना बघितलेलंच नाही. तिनं कधी अजून मागितलं असेल तर ते कुणाकडं मागितलं असेल?

जेवण झालं. वंदनानं सवयीनं ताट उचलायला हात घातला. मी म्हणालो, "ठेव. नवमीचं पान सवाष्णीनं उचलायचं नसतं."

"मग कोण उचलणार?"

तिघांनी इकडंतिकडं बघितलं. मी उचललं. गुडघे वाजले. चादरी धुवायच्या नळाखाली बसून मी ते ताट घासलं. वंदना लुगडं सदऱ्याखाली लपवून वरच्या मजल्यावर गेली. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. प्राचीच्या फोनवर निरोप आला, मशीन ट्रकातनं उतरलं. तीही गेली.

दशमी

निघताना खांबानं कार्ड गिळलं आणि मुक्काम कसा झाला म्हणून विचारलं. पाच तोंडं दाखवली, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. मी एकालाही बोट लावलं नाही. वंदनाला शोधलं, ती दिसली नाही. कुठल्या मजल्यावर होती कोण जाणे. विचारायला माणूस नव्हता.

ज्यांना तिथं उतरायचं असेल त्यांनी उतरावं. खोली स्वच्छ आहे. एकट्या बाईला तिथं कुणी अडवत नाही, आणि हे मी कबूल करतो, कारण माझ्याकडं अडवत होतो. पण तुम्ही मेलात की जिवंत आहात हे मशिनला कळायला कार्डाची मुदत संपावी लागेल. मी तरी यावर कुठल्या तोंडानं बोलू?

परत जाताना कुरुळीला उतरलो, ताट दिलं. खाणावळवाल्या बाईनं ते उजेडात धरलं, कडेवरनं बोट फिरवलं.

"हे तुम्ही घासलं?"

"हो."

"दिसतंय. कडेला खीर तशीच आहे." रांग मोठी होती. तिनं पळी खाली ठेवली आणि ताट घेऊन नळाकडं वळली. "राहू द्या, मी घेते विसळून."

मी ते तिच्या हातातनं परत घेतलं आणि नळाखाली बसलो.